निशाच्या नावाची ओळ

१. बेचाळीस गावं

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता एटापल्ली तालुक्यातली बेचाळीस गावं नाहीशी झाली. म्हणजे गावं जागच्या जागीच होती, त्यांतल्या कोंबड्यासुद्धा जागेवर असतील. नाहीशी झाली ती आमच्या वेबसाइटवरून.

"आमचा टोला दिसून नाई राह्यला," निशा म्हणाली.

सणाला चार दिवस घरी जाऊन ती आदल्या संध्याकाळीच चंद्रपूरला परतली होती. आल्या आल्या आपल्या गावाचं नाव उघडून बघायची तिची सवय होती. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. टोला म्हणजे वाडी. यादीत पेरमटोला नव्हता. त्याच्या वरचा नव्हता, खालचाही नव्हता. मोजलं तर बेचाळीस कमी.

ही गोष्ट नोव्हेंबर २००८ची. चंद्रपुरात एका घराच्या माडीवर दोन खोल्या, चार संगणक आणि चार माणसं, एवढंच आमचं ऑफिस. गडचिरोलीच्या एका संस्थेसाठी आम्ही साइट बनवत होतो. कुठल्या गावाच्या वनजमिनीच्या दाव्याची सुनावणी कधी आहे, हे त्या साइटवर दिसायचं. एटापल्लीच्या केंद्रात यादी छापायची आणि बाजाराला आलेल्या माणसांबरोबर गावोगाव निरोप जायचा. यादीत नाव नाही म्हणजे निरोप नाही. निरोप नाही म्हणजे सुनावणीला माणूस नाही. आणि माणूस आला नाही की दावा गठ्ठ्याच्या तळाशी.

मी प्रफुल. त्या ऑफिसचा मुख्य म्हणा, मालक म्हणा, शहाणा म्हणा. पाच वर्षं पुण्यात नोकरी करून परत आलो होतो आणि येताना शिस्त घेऊन आलो होतो. चौदा नियमांची एक नियमावली मी लिहिली होती आणि प्लास्टिकमध्ये मढवून भिंतीवर लावली होती. फाईलला नाव कसं द्यायचं, ओळ कशी लिहायची, बदल केला तर वर शेरा कसा टाकायचा, साइटवर कधी चढवायचं, सगळं त्यात होतं. देवाच्या फोटोला नव्हता तेवढा मान त्या कागदाला होता.

त्या नियमांमुळेच पंधरा मिनिटांत चोर सापडला. गावांची यादी दाखवणाऱ्या फाईलमध्ये एक नवी ओळ होती. गावाच्या नंबराचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद दाखवू नये, असं त्या ओळीचं म्हणणं. आणि तिच्या वर नियमाप्रमाणे शेरा: एन. पी., चार नोव्हेंबर.

निशा पुंगाटी. एन. पी. आमच्याकडे दुसरं कुणीच नव्हतं.

मी काही न बोलता पडद्यावर बोट ठेवलं. निशानं ती ओळ वाचली, शेरा वाचला, पुन्हा ओळ वाचली आणि मान खाली घातली. तिच्या त्या गप्प राहण्याला मी कबुली समजलो.

ओळ काढली, साइटवर चढवली आणि गावं परत आली. पण संस्थेच्या सोमाजीभाऊंचा फोन अकरालाच आला. रविवारी छापलेली यादी जीपनं पुढे गेली होती आणि आठ टोल्यांच्या लोकांना "तुमचं नाव नाही" म्हणून केंद्रातून परत पाठवलं होतं. त्यातले काही जण अठरा किलोमीटर चालत आले होते.

"ज्याच्या हातून झालं त्याचं नाव गुरुवारपर्यंत मले लेखी पाठवा," सोमाजीभाऊ म्हणाले. "तो माणूस आमच्या कामावर नको."

आमच्याकडे त्यांचंच तर काम होतं. त्या कामावर नको म्हणजे नोकरीतच नको. मी निशाला म्हटलं, गुरुवारपर्यंत तू घरी जा. तिनं बॅग उचलली आणि जिना उतरली. जिन्यात ती थांबल्याचं आणि कुणीतरी तिच्याशी बोलल्याचं मला ऐकू आलं.

२. जिन्यातला माणूस

जिन्यात भेटलेला माणूस म्हणजे बापूजी, आमचे घरमालक. वनखात्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. शेवटची दहा वर्षं ते तपासणी नाक्यावर होते, सागाचे ट्रक उघडून बघत. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पेपर वाचायला रोज वर यायचे आणि मशीनच्या मागून निघणाऱ्या गरम हवेवर हात शेकत बसायचे.

"पोरगी रडत काऊन गेली बे?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. शेरा दाखवला, तारीख दाखवली.

"असं," ते म्हणाले. "मंग नाव लिहून पाठवून दे. झालं."

ते खुर्चीत बसले, पण पेपर उघडला नाही. जरा वेळानं म्हणाले, "झाड तोडाची परवानगी मिळाली का आमी हॅमर मारत होतो. लोखंडी शिक्का. एक लाकडावर आन एक मागं जमिनीत राह्यलेल्या थुटावर. ट्रकमधल्या लाकडावर शिक्का राहतेच, प्रफुल. चोरटा तो आधी मारते. मी थूट पाहाले जंगलात जात होतो."

"इथं थूट कुठलं आणू, बापूजी?"

"तेच तर विचारून राह्यलो. लाकूड त मले दाखवलं तू. थूट कुठी हाये?"

मला राग आला. माझी नियमावली म्हणजे नाक्यावरून सुटलेला ट्रक आहे, असंच जणू ते म्हणत होते. मी कपाटातून वही काढली आणि त्यांच्यापुढे आपटली. घ्या म्हटलं, हे थूट.

३. वही

आता ही वही समजून घ्यायला हवी. एकाच फाईलवर दोघांनी एकाच वेळी काम केलं तर एकाचं काम दुसऱ्याच्या हातून पुसलं जातं. मोठ्या शहरातल्या कंपन्यांत यासाठी वेगळं सॉफ्टवेअर असायचं. आमचं इंटरनेट दिवसातून चार वेळा मरायचं आणि वीज ठरलेल्या वेळी पाच तास जायची. म्हणून मी जाड पुठ्ठ्याची वही केली. फाईल घ्यायची असली की वहीत लिहायचं: फाईल, नाव, घेतल्याची तारीख, परत केल्याची तारीख. एकाच्या नावावर असलेल्या फाईलला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. लावला तर घरी जायचं, हा नियम चौदा. फाईलमधल्या शेऱ्यावरचं नाव आणि तारीख वहीतल्या नोंदीशी तंतोतंत जुळली पाहिजे, हा नियम सात. आणि शनिवारी साइटवर चढवण्याआधी दुसऱ्या माणसानं सगळे बदल वाचून वहीत सही करायची.

बापूजींनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवलं. गावयादी. निशा. चार नोव्हेंबर. परतीचा रकाना रिकामा. पुढे सही, माझी.

"परत आलीच नाई फाईल?"

"चार तारखेला दुपारच्या बसनं ती गावाला गेली. नव्या धानाचा सण असतो त्यांचा, पंडुम म्हणतात. घाईत लिहायची राहिली. ही तिची दुसरी चूक," मी म्हटलं.

"म्हंजे चारपासून शनिवारपर्यंत ते फाईल तिच्याच नावावर. आन मधात कोणाले लागली त?"

"थांबायचं."

"कुठवर?"

"ती येईपर्यंत. नियम म्हणजे नियम, बापूजी. शेरा आणि वही एका दिवसानं जुळली नाही म्हणून गेल्या वर्षी मी स्वप्निलला सगळ्यांसमोर झापलं होतं. तेव्हापासून एकदाही चूक नाही."

ते नुसते हुंकारले. मग ओळ नक्की कधी लिहिली ते मशीन सांगतं का, असं त्यांनी विचारलं. प्रश्न चांगला होता, पण उपयोगाचा नव्हता. शनिवारी मी सगळ्या फाईली कोपऱ्यातल्या मशीनवर उतरवून घेतो आणि त्यात सगळ्यांवर शनिवारचीच वेळ पडते. हेही माझ्याच शिस्तीचं फळ.

"वही म्हणते निशा, शेरा म्हणते निशा," बापूजी म्हणाले. "दोन्ही शिक्के जुळले. लयच चांगले जुळले. आता माणसं दाखव."

४. दोघंजण

माणसं दोनच उरली होती. भाग्यश्री वरोऱ्याची, माहिती भरायची, पानांची रंगरंगोटी करायची आणि फोन घ्यायची. स्वप्निल मूल शहराजवळच्या एका गावचा; निशाबरोबर प्रोग्रॅमिंग करायचा. मी स्वतः त्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी नागपूरला गेलो आणि शनिवारी सकाळी परतलो होतो.

बापूजींनी मंगळवारी चहा मागवला आणि भाग्यश्रीला समोर बसवलं. चौकशीचा त्यांचा थाट काही नव्हता. बशीत चहा ओतत ते गप्पा मारल्यासारखं विचारत.

"तुह्यं आन निशाचं पटते का?"

भाग्यश्री माझ्याकडे बघून म्हणाली, "खरं सांगू? नाई पटत. गडचिरोलीच्या ट्रेनिंगले मले जायचं होतं, सरनं तिले पाठवलं. महिनाभर मी बोलली नाई तिच्याशी."

"मंग तिले घालवाले तुले बरंच."

"असं कसं बोलता, बापूजी!" तिचा आवाज चढला. "ती आता वापस येणार नाई, माहीत हाये का तुमाले? तिच्या बापानं पाठवतानाच म्हटलं होतं, कोणी तुह्यावर बोट दाखवलं का त्या दिवशी घरी ये. पुन्हा पाठवणार नाई तो. आमचं भांडण होतं, पण तिनं यावं म्हणून मी काही उपास धरले नाई आन जावं म्हणूनही नाई."

ही अट मला ठाऊक नव्हती. दोन वर्षं पोरगी माझ्यासमोर बसून काम करत होती आणि मला तिच्याबद्दल माहीत काय, तर ती ओळीच्या शेवटी नीट जागा सोडते.

"ते बेचाळीस गावं भरले कोणी?" बापूजींनी विचारलं.

"मीच. एकेक नाव. टोल्यांले नंबर नाई राहात, मोठ्या गावाच्या पोटात धरतात त्यांले. नंबराच्या रकान्यात काय टाकू म्हणून विचारलं त एटापल्लीच्या केंद्रातून म्हणाले, रिकामा ठेव. मंग ठेवला."

स्वप्निल आला तो वही-पेन घेऊनच. नाकासमोर चालणारा मुलगा. चौदाही नियम त्याला तोंडपाठ होते आणि नवीन कुणी आलं की मी त्याचंच उदाहरण द्यायचो.

"कोणतं गाव तुह्यं?"

त्यानं गाव सांगितलं आणि न विचारता पुढे गावाचा सहा आकडी नंबरही सांगितला. बापूजी हसले.

"बाबा कोतवाल हायेत," तो लाजून म्हणाला. "तलाठ्याचे कागद घरीच राहत होते. लहानपणी आजूबाजूच्या तीस गावांचे नंबर मले पाठ होते."

"वा. आन निशाच्या गावचा नंबर?"

"तिनं कधी सांगितला नाई. पण असल ना. नंबर नाई असं गाव राहते कुठी?"

"निशा गावाले गेल्यावर काय केलं बाबू तू?"

"कामच केलं, काका." त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "काही नियम नाई मोडला मी."

तो गेल्यावर मी म्हटलं, झालं ना समाधान? दोघांपैकी कुणाचाही हात नाही. तेवढ्यात बाहेर फोन वाजला. भाग्यश्री बोलता बोलता एका जुन्या डायरीत काहीतरी लिहीत होती. बापूजी चहाची बशी तशीच हातात धरून उठले.

"ते काय लिवते ती?"

५. प्रश्न आणि उत्तर

फोनची डायरी माझ्या नियमांत कुठेच नव्हती. कुणाचा फोन आला, काय म्हणाले, एवढं भाग्यश्री आपल्या मनानं लिहून ठेवायची. तिला विसरण्याची भीती वाटायची म्हणून. मी त्या डायरीला कधी हात लावला नव्हता.

बापूजींनी पानं मागे उलटली आणि एका पानावर थांबून डायरी माझ्या हातात दिली.

गुरुवार, सहा नोव्हेंबर. सकाळी अकरा वीस. सोमाजीभाऊ. यादीत नंबर नसलेल्या ओळी दिसतात, विचित्र वाटते, बघून घ्या.

मी दोनदा वाचलं. तरी मला लगेच उमगलं नाही, हे आज सांगताना लाज वाटते.

"नंबर नसलेल्या ओळींचं काही करा, हे मागणं कोणत्या तारखेचं?" बापूजींनी विचारलं.

"सहा."

"आन ते केल्याचा शेरा?"

"चार."

"तिले सपन पडलं होतं का?"

मी खाली बसलो. सहा तारखेला निशा एकशे साठ किलोमीटरवर, फोन नसलेल्या टोल्यात होती. सोमाजीभाऊंनी मागायच्या दोन दिवस आधी ती ओळ लिहिण्याचं तिला काही कारणच नव्हतं. शेरा तिच्या नावाचा होता, पण हात दुसऱ्याचा.

पहिल्यांदा मला आनंद झाला आणि पाठोपाठ संताप आला. "भाग्यश्री," मी पुटपुटलो. "फोन तिनंच घेतला. ट्रेनिंगचा रागही आहे. निशाच्या नावावर खपवलं."

"आवाज हळू कर," बापूजी म्हणाले. "थोडं डोकं लाव. ते ओळ काय म्हणते? नंबराचा रकाना रिकामा, त लपवा. असं कोण लिवल? ज्याले वाटते का रिकामा रकाना म्हंजे चुकून पडलेली रिकामी ओळ. भाग्यश्रीनं बेचाळीस टोले आपल्या हातानं भरले. रिकाम्या रकान्यामागं गाव हाये हे तिले माहीत हाये. निशा त राहतेच तशा गावात. ती आपल्याच बापाचं गाव लपवल का? लपवून सोमवारी तिनंच तुले बोलावून दाखवलं असतं का?"

त्यांनी डायरी मिटली.

"असं वाटणारा माणूस एकच हाये इथी. ज्याच्या घरी गावाले नंबर राहतेच. अन् तो पुरतं खोटं नाई बोलला. नियम नाई मोडला म्हणाला. आता कोणता नियम नाई मोडला, ते त्यालेच विचार."

६. नियम सात

बुधवारी सकाळी स्वप्निलला मी आतल्या खोलीत बोलावलं. बापूजी कोपऱ्यात बसले होते. डायरीचं पान त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"मीच लिवली, सर."

"आणि नाव निशाचं?"

"फाईल तिच्या नावावर होती ना. भाग्यश्रीनं निरोप सांगितला. तुमी नागपूरले. तिले फोन लागत नाई. शनिवारी चढवायचं होतं." तो भराभर बोलत होता, पाठ केलेलं म्हणावं तसं. "नियम सात म्हणते का शेरा वहीशी जुळला पाह्यजे, नाव आन तारीख दोन्ही. वहीत निशा, चार तारीख. म्हणून मी शेरा तसाच लिवला. माह्यं नाव टाकलं असतं त जुळलं नसतं. गेल्या वर्षी एका दिवसासाठी तुमी मले..." तो थांबला. "आमच्याकडे सातबाऱ्यावर ज्याचं नाव, पीक त्याचंच लागते. पेरणी कोणीही करो."

मला वाटलं होतं कुणीतरी डाव रचला असेल. डाव कुठेच नव्हता. माझ्या सगळ्यात आज्ञाधारक मुलानं माझा नियम जसाच्या तसा पाळला होता.

"पण सोमवारी बोलला का नाहीस?"

"मले वाटलं होतं रिकाम्या ओळी हायेत. तुमी पडद्यावर बोट ठेवलं तवा कळलं का ते गावं होते." त्याचे डोळे भरून आले. "दुसऱ्याच्या फाईलले हात लावला त घरी जायचं, नियम चौदा. माह्या पगारावर बहिणीचं कॉलेज चालू हाये. म्हटलं, आज सांगतो, उद्या सांगतो. तिले पाह्यलं जाताना. झोप नाई लागली सर, खरंच नाई लागली."

मी त्याच्यावर ओरडणार होतो. तयारीही झाली होती. तेवढ्यात बापूजींनी वही माझ्याकडे सरकवली.

"हे सही कोणाची?"

"माझी."

"ओळ वाचूनच सही करायची ना? दुसऱ्या माणसानं?"

मी ती ओळ वाचली नव्हती. नागपूरला निघायच्या आधी, बुधवारी संध्याकाळी, मी त्या पानावर वरपासून खालपर्यंत सह्या करून टाकल्या होत्या. खालच्या पाच ओळी तर तेव्हा कोऱ्याच होत्या. शनिवारी बसमधून उतरलो, थकलो होतो, सह्या होत्याच, फाईली चढवल्या आणि घरी जाऊन झोपलो. वाचली असती तर दहा सेकंदांत दिसलं असतं.

"आमच्या खात्यात," बापूजी हळू आवाजात म्हणाले, "झाड उभं असतानीच हॅमर मारून ठेवणारे गार्ड होते. लय चांगले माणसं होते. फक्त पायपीट नको म्हणत."

स्वप्निलनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

७. पत्र

गुरुवारी मी सोमाजीभाऊंना पत्र लिहिलं. एक नाव लिहायचं होतं, मी दोन लिहिली. ओळ स्वप्निलची, न वाचता केलेली सही माझी. निशा पुंगाटी यांचा यात काहीही संबंध नाही, हे वाक्य सगळ्यात वर टाकलं. पत्र फॅक्सनं पाठवलं आणि फोनजवळ बसून राहिलो.

फोन तासाभरानं आला. "पोरानं चूक केली, ते समजते," सोमाजीभाऊ म्हणाले. "त्याले एकदा टोले दाखवा. पण न वाचता सही करणारा माणूस मले नको. कागदावर न वाचता मारलेल्या सह्यांनीच त या लोकाईचं एवढं नुकसान झालं. काम तुमच्या ऑफिसकडं राहू द्या, पण एटापल्लीच्या यादीले तुमी हात लावायचा नाई."

"मग कोण बघणार?"

"ज्या पोरीले चूक दिसली ते पाहील. ते येते का, ते विचारून सांगा."

मी बापूजींना सोबत चला म्हटलं. ते नाही म्हणाले. "माह्यं काम थुटापर्यंत. पुढचा रस्ता तुमचा," म्हणाले आणि पेपर उघडला.

८. पेरमटोला

शुक्रवारी पहाटेच मी आणि स्वप्निल संस्थेच्या जीपनं निघालो. एटापल्लीच्या पुढे डांबर संपलं, मग मुरूम संपला आणि शेवटचे चार किलोमीटर बैलगाडीच्या चाकोरीतून जीप हेलकावे खात गेली. टोल्याच्या तोंडाशी उतरल्यावर स्वप्निल घरं मोजायला लागला, ओठ हलवत.

"एकोणीस," तो म्हणाला. "एकोणीस घरं, सर. आन विहीर हाये. शाळा हाये."

निशा खळ्यावर होती. कापलेलं धान रचत असलेल्या आईच्या हातात पेंढ्या देत होती. आम्हाला पाहून तिनं हातातली पेंढी खाली ठेवली आणि घरात जाऊन वडिलांना घेऊन आली. पोचू पुंगाटी, साठीच्या आसपासचा, अंगानं काटक माणूस. त्यांनी बाज अंगणात आणून टाकली आणि बसायची खूण केली. आधी पाणी आलं.

स्वप्निल बसला नाही. उभ्या उभ्याच तो निशाला म्हणाला, "ते ओळ मी लिवली होती. तुह्या नावानं. सोमवारी तोंड नाई उघडलं मी."

"मले माहीत होतं," निशा म्हणाली.

मी दचकलो. "माहीत होतं?"

"मी तशी ओळ लिवत नाई, सर. बरोबरीच्या खुणेच्या आजूबाजूनं मी जागा सोडते. हा नाई सोडत. वाचल्याबरोबर समजलं मले."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं वडिलांकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे वळलो आणि येताना जुळवून ठेवलेलं सगळं बोललो. नियम काय होता, वही काय होती, सही कशी झाली, निशाचा दोष कसा नव्हता, सोमाजीभाऊ काय म्हणाले, यापुढे एटापल्लीची यादी तिच्याच हातात कशी राहील. पाच-सात मिनिटं तरी बोललो असेन. पोचूंना मराठी थोडीच समजायची. निशा माडिया भाषेत सांगत गेली आणि ते जमिनीकडे बघत ऐकत राहिले. संपल्यावर त्यांनी एक लहानसं वाक्य विचारलं.

निशानं ते मला सांगितलं नाही. पदराशी चाळा करत उभी राहिली.

"काय म्हणाले?"

"जाऊ द्या सर."

"सांग."

"बाबा विचारून राह्यले," ती म्हणाली, "का तुमी हिले विचारलं काऊन नाई."

सोमवारी सकाळी मी पडद्यावर बोट ठेवलं होतं. वही उघडली होती, कपाट उघडलं होतं, फोन घेतला होता. तिला मात्र एक शब्द विचारला नव्हता. तू लिहिलंस का, एवढं विचारायला तीन सेकंद लागले असते आणि ती नाही म्हणाली असती. बापूजींच्या तपासाचं केवढं कौतुक करत मी तिथवर आलो होतो. त्या तपासाची गरजच नव्हती, हे मला त्या अंगणात, त्या बाजेवर बसल्यावर कळलं.

"चुकलो," मी म्हटलं.

तिनं ते वडिलांना सांगितलं. मी एकच शब्द बोललो होतो, पण तिचं सांगणं बराच वेळ चाललं; मध्ये दोनदा माझं नाव आलं, एकदा स्वप्निलचं, आणि एकदा तिचा आवाज कापला. सांगून झाल्यावर पोचू उठले. स्वप्निलजवळ गेले, त्याचं मनगट धरून त्याला बाजेवर बसवलं आणि घराकडे बघून काहीतरी ओरडले. आतून निशाची आई जेवणाची पानं घेऊन आली.

मग पोचू माझ्याकडे बघून पुन्हा काहीतरी बोलले. ह्या वेळी निशा डोळे पुसत पुसत हसली.

"काय म्हणतात?"

"सोमवारी एटापल्लीहून पहिली बस किती वाजता हाये, विचारतात."

"साडेसहा," मी म्हटलं.

"सोमवार काऊन?" निशा म्हणाली. "नवी यादी उद्या साइटवर चढवाची हाये. जीपमधी जागा असल त मी आजच येते."